वलांडीवरचं ऊन

बोंबील सुकवायला भाईंदरजवळच्या आमच्या उत्तनला कुणी कधी वीज जाळली नाही. बांबूच्या वलांड्या, त्यावर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील, आणि वरून फुकटचं ऊन. तरीही चर्चच्या सभागृहावर सौर पॅनेल बसवायचा विषय निघाला तेव्हा आमच्याच लोकांनी विचारलं, "ऊन काय रातचं पन असतं काय गो बाय?"

भाईंदरच्या एका पतपेढीत तीस वर्षं खाती लिहून मी निवृत्त झाले, आणि फादरांनी मला धर्मग्रामाच्या पर्यावरण समितीत ओढलं. झाडं लावायला हिशेबनीस कशाला, असं मी त्यांना विचारलंही. ते नुसते हसले. पुढे काय काय शिकले ते खतावणीच्या सवयीने क्रमांक घालून लिहिते.

१. परिपत्रकाआधी बिल वाचावं.

पोप फ्रान्सिस यांचं 'लौदातो सी' हे परिपत्रक जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. कोळसा आणि तेल जाळणारं तंत्र आता मागे टाकायला हवं, त्याला उशीर नको, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. आम्ही ते तीन रविवार मिस्सेनंतर थोडं थोडं वाचलं. लोक माना डोलावून घरी गेले. रिकाम्या चर्चमधले पंखे मात्र फिरतच राहिले.

चौथ्या रविवारी मी चर्चचं विजेचं बिल मोठं करून फळ्यावर लावलं. लग्नांच्या घोषणा लागतात त्याच फळ्यावर. तिथे इतकी गर्दी मी कुणाच्या लग्नासाठीही पाहिली नव्हती. "हे पैसे आपलेच ना?" असं एका म्हातारीने विचारलं, आणि समितीचं काम खऱ्या अर्थाने त्या प्रश्नापासून सुरू झालं.

२. पंखे आधी, पॅनेल नंतर.

छताला टांगलेला जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो. नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. आमच्याकडे चाळीस पंखे. म्हणजे ३,००० वॅटचं काम १,२०० वर आलं. ट्यूबलाइटी बदलल्या, सभागृहाबाहेरचे हॅलोजन काढले. ठेकेदाराने सुरुवातीला १५ किलोवॅटची यंत्रणा सुचवली होती. पंखे-दिवे बदलल्यावर १० मध्ये भागलं. त्याचा चेहरा पडला, पण ज्याला माल विकायचा आहे त्यालाच आपली गरज किती हे विचारायला जाणं ही चूक आमचीच होती.

३. क्रुसाची सावलीसुद्धा मोजावी लागते.

चर्चचं छप्पर कौलारू आणि जुनं, त्यावर भार टाकायची कुणाची छाती झाली नाही. मग सभागृहाची गच्ची ठरली. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, तेवढी होती. अडचण वेगळीच निघाली. सभागृह घंटेच्या मनोऱ्याच्या पूर्वेला आहे, त्यामुळे दुपार कलली की मनोरा आणि त्यावरचा क्रूस यांची सावली थेट गच्चीवर येते. पॅनेल ओळीने जोडलेली असतात, एकावर सावली आली की अख्ख्या ओळीचं उत्पादन घटतं. समितीतले एक काका म्हणाले, "क्रुसाची सावली पडते ती चांगलीच की!" त्यांना पटवायला आम्ही खडूने गच्चीवर सावलीच्या रेघा मारल्या. सकाळी एक, दुपारी एक, चारला एक. डिसेंबरात मारल्या आणि एप्रिलमध्ये परत मारल्या, कारण सावली ऋतूप्रमाणे लांबते आणि सरकते. आराखडा दोनदा बदलला. पहिल्या आराखड्यात सावलीचा उल्लेखच नव्हता.

४. नावं घालायची तर घालू द्यावीत.

पैसे कसे उभे करायचे? आमच्या चर्चमध्ये बाकांवर, पंख्यांवर, पवित्र पाण्याच्या कुंडावरसुद्धा देणगीदारांची नावं आहेत. समितीतल्या तरुणांना हे बुरसटलेलं वाटे. मी म्हटलं, एक कुटुंब एक पॅनेल, दिवंगतांच्या स्मरणार्थ. एक आजी आल्या, नवऱ्याच्या नावाने पैसे मोजून दिले आणि म्हणाल्या, "पन नाव गच्चीवर कोन बघनार?" शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या जावेने उत्तर दिलं, "ज्याला बघायचंय तो वरूनच बघतो." दोन महिन्यांत सगळी पॅनेल वाटली गेली.

५. चर्चच्या विजेचं वेळापत्रक उलटं असतं.

पॅनेल रोज भर दुपारी सगळ्यात जास्त वीज करतात. चर्चला ती हवी रविवारी सकाळी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला. सभागृहाला हवी लग्नाच्या रात्री. म्हणून नेट मीटर: दुपारची जादा वीज ग्रिडमध्ये जाते, नंतर वापरलेल्या विजेतून वजा होते. राज्याच्या वीज नियामक आयोगाचे २०१९ चे नियम आहेत, त्याप्रमाणे अर्ज करायचा. कागद पुढे सरकायला ठेकेदाराने सांगितलं होतं त्याच्या दुप्पट वेळ लागला. त्या काळात पॅनेल गच्चीवर चकाकत होती आणि बिल जसंच्या तसं येत होतं. लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे. माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत कुणी एवढा जाब विचारला नसेल.

६. मीटर आजोबांच्या नावावर असतं.

हा धडा मला सगळ्यात मोठा वाटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'प्रधानमंत्री सूर्यघर' योजना आली. घराच्या छतावर ३ किलोवॅटची यंत्रणा बसवली तर ७८,००० रुपये अनुदान. ते घरांसाठी आहे, चर्चसाठी नाही. पण चर्चचं छप्पर एकच, आणि आसपासच्या गावठाणांत घरं किती! मिस्सेनंतर आम्ही अर्ज भरायला टेबल मांडलं. पहिल्या रविवारी बारा जण आले. त्यातल्या आठ जणांच्या घरचं वीज मीटर मेलेल्या माणसाच्या नावावर. आजोबा, पणजोबा, एक तर आफ्रिकेला गेलेला आणि परत न आलेला काका. अर्ज करायला मीटर अर्जदाराच्या नावावर हवं. नाव बदलायला मृत्यूचा दाखला हवा. दाखल्यासाठी तारीख हवी, ती घरात कुणालाच आठवेना. मग फादरांनी चर्चच्या मृत्यूनोंदींची जुनी वही काढून दिली. मी आणि दोन मुली, आम्ही तीन शनिवार त्या वहीतून तारखा शोधल्या. हवामानबदलाविरुद्धचा लढा म्हणजे काय, असं कुणी मला पूर्वी विचारलं असतं, तर वाळवीने खाल्लेल्या वहीत 'पास्कोल' आणि 'इनास' शोधणं माझ्या डोळ्यांपुढे आलं नसतं.

७. कार्बन म्हणू नये, बोंबील म्हणावं.

एक युनिट वीज बनवताना आपल्या देशात सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मी हा आकडा सांगितला की लोक घड्याळाकडे बघतात. मग मी १ डिसेंबर २०२१ ची आठवण काढते. नाताळाच्या तोंडावर अवेळी पाऊस कोसळला. ज्यांनी वलांड्या भरल्या होत्या त्यांचा माल कुजला. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, १७ तारखेला कुलाब्याला वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता, आणि किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांचीसुद्धा रात्र कशी गेली ते होडीवाल्यांना विचारा. माझे सासरे डोलकर होते. कुठल्या वाऱ्यानंतर काय येतं हे ते बोटांवर सांगायचे. त्यांच्या मुलाला ते हिशेब आता जमत नाहीत, कारण वाराच पूर्वीसारखा वागत नाही.

ऑक्टोबरात आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढे आणतो, तेव्हाही आता पहिला प्रश्न हाच असतो: यंदा कापणीत पाऊस आला का? एका वादळाचं किंवा एका पावसाचं खापर थेट तापमानवाढीवर फोडता येत नाही, हे मी समितीत दरवेळी सांगते. सांगायलाच हवं. पण अरबी समुद्र तापतो आहे, हे ऐकायला आमच्या लोकांना भाषण लागत नाही.

८. खारा वारा कुणाचा भाविक नाही.

बोल्ट गंजतात. धूळ, कावळ्यांची घाण, उन्हाळ्यात गावाजवळच्या डोंगरावरच्या कचराभूमीला आग लागली की धुराची काजळी, सगळं काचेवर. पावसाळ्यात पॅनेल आपोआप धुतली जातात, पण तेव्हा उन्हाचाच पत्ता नसतो. पहिल्या वर्षी ठेकेदाराच्या माणसाची वाट बघत बसलो, उत्पादन घटलं. मग फुलं सजवायची आणि झाडलोट करायची जशी धर्मग्रामातल्या समूहांमध्ये पाळी असते, तशी पॅनेल धुण्याची पाळी लावली. सूर्य उगवायच्या आधी, मऊ फडकं, साबण नाही. ज्या समूहाच्या आठवड्यात युनिट जास्त, त्यांचं नाव फळ्यावर. प्रवचनातून जे साधलं नाही ते या चुरशीने साधलं, हे फादरांना मी अजून तोंडावर सांगितलेलं नाही.

९. शेजारी जावं, पण शिकवायला नाही.

पतपेढीतल्या माझ्या जुन्या जैन सहकाऱ्याला उत्साहाने सगळं सांगायला गेले. तो म्हणाला, "आमच्या महाराजसाहेबांना विजेचा पंखा चालत नाही. तुम्ही आम्हाला वीज वाचवायला शिकवणार?" मी गप्प. चहा झाल्यावर त्यानेच विचारलं, नेट मीटरला कागद कुठले लागतात.

आमच्यातल्या शंकेखोरांना मी शिर्डीचं उदाहरण देते. तिथे प्रसादालयात २००९ पासून ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या उन्हावर वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारोंचा भात-डाळ शिजतो. व्हॅटिकनच्या पॉल सहावे सभागृहावर २००८ साली दोन हजारांहून जास्त पॅनेल बसली, हेही सांगते. पण शिर्डीचं नाव घेतलं की कान जास्त टवकारतात. आमच्याकडची अर्धी माणसं जाऊन जेवून आली आहेत.

१०. काही प्रश्नांची बेरीज होत नाही.

मेट्रो ९ आमच्या मीरा-भाईंदर शहरासाठी चांगली. विजेवर चालते, रस्त्यावरच्या गाड्या कमी करेल. तिची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा पट्ट्यात व्हायची होती. गावांनी विरोध केला, ती उत्तनशेजारच्या डोंगरीला गेली. २०२५ मध्ये तिथली बारा हजारांहून जास्त झाडं तोडायचा प्रस्ताव समोर आला आणि आमच्या भागात ठिणगी पडली. समितीच्या बैठकीत एकाने विचारलं, "आपण स्वच्छ ऊर्जेच्या बाजूचे, मग मेट्रोच्या विरोधात कसे?" दुसरा म्हणाला, "झाड तोडून पॅनेल बसवलं असतं काय तुम्ही?" त्या रात्री साडेदहापर्यंत भांडलो. शेवटी मेट्रोला हो, या जागेला नाही, असं पत्र गेलं. मी सही केली. अजूनही मला त्या पत्रातलं प्रत्येक वाक्य पटतं असं नाही. दुसरी जागा कुठली, हे आम्ही लिहिलं नव्हतं.

खाडीपलीकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले होते. ते २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्हाला केवढा अभिमान वाटला. पण हयातीत अशा माणसांना आपल्याच लोकांच्या शिव्याही खाव्या लागतात, हे त्या रात्रीच्या बैठकीत मला थोडं कळलं.

११. अंधारातही मीटर बघावं.

पुनरुत्थानाच्या जागरणविधीला चर्चमधले सगळे दिवे मालवतात. बाहेर शेकोटी पेटते, तिच्यावर मोठी मेणबत्ती लावतात, आणि एकाकडून दुसऱ्याकडे ज्योत जात चर्च उजळतं. गेल्या वर्षी त्या अंधारात मी मागच्या दाराशी उभी होते. मीटर तिथेच आहे. जन्माची सवय, मोबाइलचा उजेड हाताआड धरून बघितलं. आतबाहेर एक दिवा जळत नव्हता, आणि आकडा भरभर पुढे पळत होता.

विधी संपल्यावर फादरांना गाठलं. "हॅपी ईस्टर, फादर. तुमचा गीझर चालू आहे."