घटक ७ : मतदार यादीची भाषा — नाव, रहिवास आणि विश्वास

७.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• मतदार नोंदणीचे मूलभूत नियम नेमक्या शब्दांत सांगता येतील.
• मतदार यादीतील नोंदीची भाषिक घडण स्पष्ट करता येईल.
• ‘दुबार’, ‘बोगस’, ‘वगळलेले’ यांसारख्या शब्दांच्या अर्थांतील फरक ओळखता येईल.
• निवडणुकीच्या विश्वासार्हतेविषयीच्या वादातील दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तपासता येतील.

७.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण शासनव्यवहारातील मराठीची सामान्य वैशिष्ट्ये पाहिली. या घटकात एकाच दस्तऐवजाचा, म्हणजे मतदार यादीचा, विचार करावयाचा आहे. या यादीत एकही पूर्ण वाक्य नसते. मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग एवढीच शब्दसामग्री तिच्यात असते. तरीही या काही शब्दांवर नागरिकाचा मताधिकार प्रत्यक्षात अवलंबून असतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ६२ नुसार ज्याचे नाव यादीत नाही, त्याला मत देता येत नाही. घरात ओळखपत्र असले, तरी यादीत नाव नसेल तर ते पुरत नाही.

विवेचनासाठी आपण भडगाव तालुक्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवू. गिरणाकाठचा हा तालुका पाचोरा विधानसभा आणि जळगाव लोकसभा मतदारसंघात येतो. येथे घराघरांत अहिराणी बोलली जाते, यादी मात्र प्रमाण मराठीत लिहिली जाते. बोली आणि लेखी नोंद यांतील हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरेल.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ मताधिकाराची पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर आधारलेला होता. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. प्रौढ मताधिकारावर निवडलेल्या घटना समितीची मागणी तेथे करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने ही मागणी प्रत्यक्षात आणली. धर्म, वंश, जात किंवा लिंग यांच्या कारणावरून कोणालाही यादीतून वगळता येणार नाही, हे अनुच्छेद ३२५ ने स्पष्ट केले. प्रारंभी वयाची अट २१ वर्षांची होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने ती १८ वर्षे झाली आणि हा बदल १९८९ मध्ये अमलात आला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची (१९५१-५२) यादी तयार होत असताना एक भाषिक अडचण उभी राहिली. अनेक स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशीच ओळख त्यांनी दिली. तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत. सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे त्यामुळे वगळली गेली. यांतील बहुसंख्य स्त्रिया बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि विंध्य प्रदेश येथील होत्या.

या निर्णयाकडे दोन प्रकारे पाहता येते. नात्याने नव्हे, तर स्वतःच्या नावाने स्त्रीची नोंद व्हावी, हे तत्त्व लोकशाहीला धरून होते. त्याची किंमत मात्र त्याच स्त्रियांनी पहिले मत गमावून दिली. यादी शुद्ध ठेवणे आणि यादी सर्वसमावेशक ठेवणे या दोन उद्दिष्टांतील ताण येथे प्रथम दिसला. आजच्या वादाच्या मुळाशीही हाच ताण आहे.

७.२.२ नोंदणीचे नियम

मतदार याद्यांचा मुख्य कायदा लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० हा असून त्याखालील कार्यपद्धती मतदार नोंदणी नियम १९६० मध्ये दिली आहे. त्यांतील पुढील तरतुदी लक्षात ठेवाव्यात.

(अ) पात्रता : व्यक्ती भारताची नागरिक असावी, अर्हता दिनांकास तिचे वय किमान १८ वर्षे असावे आणि ती त्या मतदारसंघाची सर्वसाधारण रहिवासी असावी (कलम १९). पूर्वी १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक झाले.

(आ) एक व्यक्ती, एक नोंद : एकाहून अधिक मतदारसंघांत (कलम १७) किंवा एकाच मतदारसंघात एकाहून अधिक वेळा (कलम १८) नाव नोंदवता येत नाही. नोंदणीसाठी जाणीवपूर्वक खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात (कलम ३१).

(इ) नमुने : प्रथमच नाव नोंदवणाऱ्यासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी किंवा नोंदीवर आक्षेप घेण्यासाठी नमुना ७, आणि स्थलांतर किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ आहे.

(ई) दाद : मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिले आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते (कलम २४).

(उ) मुदत : उमेदवारी अर्ज भरण्याची अंतिम तारीख उलटल्यानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही किंवा काढता येत नाही. मतदानाच्या दिवशी लक्षात आलेली चूक त्या दिवशी दुरुस्त होत नाही, याचे कारण हेच.

नगरपरिषद, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यासाठी वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय अथवा गणनिहाय विभागली जाते. म्हणून मूळ यादीतील चूक सर्व निवडणुकांत उतरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. भडगावहून नाशिकला कायमचे राहावयास गेलेल्या मतदाराने कोणता नमुना भरावा? त्याने नमुना ६ भरल्यास काय घडेल?

७.२.३ नाव : नोंदीतील पहिली अडचण

मराठी नाव सामान्यतः तीन पदांचे असते : स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. खानदेशात ‘पाटील’ हे आडनाव इतके सर्वत्र आढळते, की एखाद्या गावात ते व्यक्तीची ओळख पटवण्यास जवळजवळ निरुपयोगी ठरते. त्यातच ठरावीक नावे पिढ्यान्पिढ्या फिरत असल्याने तिन्ही पदे सारखी असलेल्या दोन भिन्न व्यक्ती एकाच यादीत असणे मुळीच अशक्य नाही.

याच्या उलट, एकाच व्यक्तीची दोन भिन्न रूपेही होतात. कागदोपत्री ‘भाऊराव’ असलेला माणूस गावात ‘जिभाऊ’ म्हणून ओळखला जातो. एका नोंदीत ‘शकुंतला’, तर दुसरीत ‘शकुंतलाबाई’ असते. ‘बाई’, ‘राव’, ‘सिंग’ ही पदे नावाचा भाग आहेत की आदरार्थी जोड, हे नोंद घेणारा ज्याच्या त्याच्या समजुतीने ठरवतो. मराठीतून रोमन लिपीत आणि तेथून पुन्हा देवनागरीत आलेल्या नावांत ऱ्हस्व-दीर्घ, ‘ळ’ आणि ‘ण’ यांची अदलाबदल होते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. विवाहानंतर मधले नाव व आडनाव बदलते आणि काही कुटुंबांत पहिले नावही बदलते. माहेरची नोंद कमी न होता सासरी नवी नोंद झाली, तर एकच स्त्री दोन याद्यांत दोन नावांनी राहते. संगणकाला त्या दोन स्त्रिया वाटतात. उलटपक्षी, सारख्या नावाच्या दोन जावा संगणकाला एकच स्त्री वाटू शकतात. केवळ नामसाम्यावरून कोणतीही नोंद खरी अथवा खोटी ठरवणे भाषाशास्त्रीय दृष्ट्याही धोक्याचे आहे. त्यासाठी वय, छायाचित्र, पत्ता आणि प्रत्यक्ष भेट यांची जोड हवी.

७.२.४ रहिवास : नोंदीतील दुसरी अडचण

‘सर्वसाधारण रहिवासी’ या संज्ञेचा अर्थ कलम २० मध्ये दिला आहे. एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. तसेच कोणी तात्पुरता बाहेरगावी गेला म्हणून त्याचा रहिवास संपत नाही. ही दोन्ही वाक्ये खानदेशाला नेमकी लागू पडतात. येथून अनेक कुटुंबे कामासाठी सुरत, नाशिक, पुणे येथे जातात. काहींचे घर आणि शेत गावी राहते, संसार मात्र कायमचा शहरात बसतो. काही जण हंगामापुरते जातात आणि परत येतात. पहिल्यांनी नोंद शहरात हलवणे अपेक्षित आहे. दुसऱ्यांची गावातील नोंद कायम राहिली पाहिजे. बाहेरून पाहता मात्र दोन्ही घरांना कुलूपच दिसते. त्या कुलपाचा अर्थ लावण्याची जबाबदारी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यावर येते.

७.२.५ शब्दांचे अर्थ आणि वादाची दिशा

यादीविषयीच्या चर्चेत ‘दुबार मतदार’ आणि ‘बोगस मतदार’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. ते समानार्थी नाहीत. ‘दुबार’ हा शब्द शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. पाऊस हुकला की दुबार पेरणी करावी लागते. त्यात पुनरावृत्ती आहे, लबाडी नाही. ‘बोगस’ या शब्दात मात्र हेतूचा आरोप आहे. दुबार नोंद यादीतला दोष आहे. त्या नोंदीच्या आधारे दोनदा मत देणे हा कायद्याचा भंग आहे. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही, परंतु पहिले राहू दिल्यास दुसऱ्याला वाव मिळतो, हेही तितकेच खरे.

आता ‘नाव वगळण्यात आले’ हे वाक्य पाहा. ‘-ण्यात आले’ या रचनेत कर्ता सांगावा लागत नाही. कोणी वगळले, कोणाच्या अर्जावरून, कोणत्या कारणासाठी, हे प्रश्न वाक्याबाहेर राहतात. कायदा मात्र हे प्रश्न विचारतो. नाव काढण्यापूर्वी संबंधित व्यक्तीला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी, अशी तरतूद आहे. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे, त्याला सूचना न देता ते काढता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लालबाबू हुसेन प्रकरणात सांगितले. २०२५ मध्ये बिहारमधील विशेष सखोल पुनरीक्षणात प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे आली नाहीत. तेव्हाही न्यायालयाने ही नावे कारणांसह प्रसिद्ध करण्यास सांगितले. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर, लोपलेली माहिती वाक्यात परत आणण्याचाच तो आदेश होता.

७.२.६ महाराष्ट्रातील वाद : युक्तिवादांचे परीक्षण

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ९.३० कोटी मतदार होते. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला झालेल्या विधानसभा निवडणुकीत ही संख्या सुमारे ९.७० कोटी झाली. विरोधी पक्षांचा आक्षेप असा होता, की आधीच्या पाच वर्षांत सुमारे ३२ लाख मतदार वाढले असताना पाच महिन्यांत ३९ लाख कसे वाढले? प्रौढ लोकसंख्येचा शासकीय अंदाज ९.५४ कोटी असताना मतदार त्याहून अधिक कसे, असेही विचारण्यात आले. छायाचित्रांसह यादी संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात द्यावी, ही त्यांची मागणी होती.

निवडणूक आयोगाचे उत्तर असे होते, की याद्यांचे पुनरीक्षण विहित पद्धतीने झाले, प्रारूप व अंतिम याद्या राजकीय पक्षांना देण्यात आल्या आणि संपूर्ण राज्यातून केवळ ८९ पहिली अपिले व १ दुसरे अपील दाखल झाले. यंत्रवाचनीय यादीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कमलनाथ प्रकरणात मान्य केली नव्हती, याकडेही लक्ष वेधले गेले. मतदारांच्या खाजगी माहितीचे रक्षण हा यामागील एक मुद्दा आहे.

हा वाद पुढेही चालू राहिला. १ नोव्हेंबर २०२५ रोजी विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला. नगरपरिषद निवडणुका जाहीर करताना राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारकांचे चिन्ह ठेवून अशा मतदारांकडून एकाच ठिकाणी मतदान करण्याचे हमीपत्र घेण्याची पद्धत अवलंबिली. नाव न वगळता खूण करण्याचा हा मधला मार्ग होता.

आपले काम या वादाचा निकाल देणे हे नाही. विधान आणि पुरावा यांतील अंतर मोजणे हे आहे. मोठी वाढ ही शंकेला जागा देते, गैरव्यवहार सिद्ध करत नाही. ३२ लाख हा पाच वर्षांच्या दोन टोकांतील निव्वळ फरक आहे. मधल्या काळात किती नावे घातली आणि किती काढली, हे त्यातून कळत नाही. लोकसंख्येचा आकडा हाही अंदाज आहे, कारण २०११ नंतर जनगणना झालेली नव्हती. दुसऱ्या बाजूला, अपिले थोडी आली यावरून यादी निर्दोष असल्याचे सिद्ध होत नाही. अपील करता येते हे किती मतदारांना ठाऊक होते, हा प्रश्न उरतो. विश्वास मागून मिळत नाही, तो पडताळणीतून येतो. त्यासाठी पडताळणी सुलभ असणे यादीच्या शुद्धतेइतकेच महत्त्वाचे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. ‘यादीत दुबार नावे सापडली, म्हणजे मतदान बोगस झाले.’ या विधानातील तर्कदोष दाखवा.

७.३ सारांश

मतदार यादी ही नाव, नाते आणि पत्ता यांच्या साहाय्याने व्यक्तीची ओळख निश्चित करणारी भाषिक रचना आहे. नावांची विविध रूपे, विवाहोत्तर नामबदल आणि स्थलांतर यांमुळे तिच्यात दोष शिरतात. अपात्र नाव राहू नये आणि पात्र नाव जाऊ नये, या दोन्ही कसोट्यांवर ती एकाच वेळी उतरावी लागते. १९५२ मध्ये नाव न सांगितल्यामुळे मत गमावलेल्या स्त्रिया आणि आज घराला कुलूप असल्यामुळे नाव गमावू शकणारा मजूर यांचा प्रश्न एकच आहे : नोंद आपल्याला ओळखते का?

७.४ महत्त्वाचे शब्द आणि त्यांचे अर्थ

अर्हता दिनांक : ज्या दिवशी वयाची अट पूर्ण झालेली असावी लागते तो दिवस.
पुनरीक्षण : यादी तपासून अद्ययावत करण्याची प्रक्रिया.
प्रारूप यादी : हरकतींसाठी प्रसिद्ध केलेली कच्ची यादी.
प्रदत्त मत : आपल्या नावावर दुसऱ्याने आधीच मत दिल्याचे आढळल्यास खऱ्या मतदाराला स्वतंत्र मतपत्रिकेवर देता येणारे मत.

७.५ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘यादीची शुद्धता आणि सर्वसमावेशकता’ या विषयावर २५० शब्दांत निबंध लिहा.
२. ‘-ण्यात आले’ ही रचना असलेली पाच शासकीय वाक्ये मिळवा व कर्त्यासह पुन्हा लिहा.

७.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या मतदान केंद्राच्या यादीत स्वतःच्या कुटुंबाच्या नोंदी शोधा. नाव, नाते, वय आणि घर क्रमांक यांतील चुका टिपून घ्या. घरातील विवाहित मुलीचे आणि परगावी असलेल्या भावाचे नाव कोठे आहे, याची विचारपूस करा. चूक आढळल्यास योग्य नमुना निवडून अर्ज भरा आणि त्याची पोच जपून ठेवा. शेजाऱ्यांची वैयक्तिक माहिती आपल्या टिपणात लिहू नये.