शिक्षा, शाबासकी आणि बोली

या उपघटकाचा आरंभ एका शब्दापासून करू. 'शिक्षा' हा संस्कृत शब्द मुळात शिकण्या-शिकविण्याचा वाचक आहे. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचे नावही 'शिक्षा' हेच. हिंदीने शिकण्याचा अर्थ राखला. मराठीत त्यासाठी 'शिक्षण' हा शब्द स्थिरावला आणि 'शिक्षा' दंडाच्या अर्थी रूढ झाली. नागपूरसारख्या शहरात हे दोन्ही अर्थ रोज कानांवर पडतात. (वर्ध्याच्या 'शिक्षा मंडळ' या जुन्या संस्थेचे नाव प्रथमच ऐकणारा पुणेकर क्षणभर थबकेल!)

आता वर्गाकडे वळू. "काय करतोस?" असे विचारल्यावर नागपूरकडील मूल "मी लिहून राहिलो" असे सांगते. प्रमाण मराठीत "मी लिहीत आहे" हे रूप अपेक्षित असते. मुलाचे वाक्य नियमबाह्य नाही. चालू क्रिया दर्शविण्याची ती या बोलीची रीतच आहे. तरीही अशा वाक्यासाठी अनेकांनी हातावर पट्टी खाल्ली आहे. प्रस्तुत लेखकही त्यांपैकी एक. परिणाम असा झाला की वाक्य घरी तसेच राहिले आणि वर्गातले बोलणे थांबले.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. पट्टी गेली, पण हसणे उरले. वर्गासमोर मुलाच्या बोलीची नक्कल करणे हाही छळच होय, असे माझे मत आहे.

मग बक्षीस द्यावे काय? महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात वंचित समाजातील मुलांसाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे सुचविली होती. त्या बक्षिसांनी शाळेचे दार उघडावे, हा हेतू होता. केवळ प्रमाण रूपालाच शाबासकी मिळू लागली, तर मात्र मूल आईच्या बोलण्याची लाज बाळगू लागते. ही शिक्षा कोणत्याही कायद्यात सापडत नाही.

शिवाय भाषा केवळ शाबासकीने घडत नाही. स्किनर यांनी १९५७ मध्ये भाषिक वर्तनाचा उलगडा प्रबलनाच्या आधारे केला. चॉम्स्की यांनी १९५९ मधील परीक्षणात त्यावर कठोर टीका केली. मूल ऐकलेलेच परत बोलत नाही, ते नियम शोधते. म्हणून दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहावीत आणि कोणते कुठे बोलतात, हे मुलांनाच विचारावे.

स्वयं-अध्ययन : आपल्या घरातील लहान मुलाचे बोलणे दहा मिनिटे ऐका. आपण त्याला कुठे टोकले व कुठे शाबासकी दिली, त्याची नोंद करा.