फोनचे अपडेट उशिरा का येते?



गोष्ट ऑक्टोबर २०२२ मधली. कोरमंगलात आमच्या शेजारी राहणारे काका एका संध्याकाळी फोन घेऊन दारात उभे राहिले. मूळचे कोल्हापूरकडचे, नोकरीनिमित्त बरीच वर्षे बेंगळुरूत.

"सर, हा फोन ५जीचा म्हणून चार पैसे जास्त देऊन घेतला. शहरात ५जी आलं म्हणतात. ऑफिसातल्या एका पोराच्या फोनवर दिसतंय, मग माझ्याच फोनवर का नाही? आणि हा मेसेज बघा जरा."

मेसेजमध्ये लिहिले होते, '५जी लगेच सुरू करण्यासाठी खालची लिंक दाबा आणि आलेला ओटीपी कळवा.'

"काका, काही दाबलं नाही ना?"

"अजून नाही. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

मुलीच्या कॉलेजची फी त्यांच्या खात्यात होती आणि ते खाते याच फोन नंबरला जोडलेले होते. विचारल्यामुळे ती वाचली. त्या दिवशी काकांना जे समजावून सांगितले, तेच आज तुमच्यासाठी लिहितो. शाळेत तुमच्याजवळ फोन नसतो. पण सुट्टीत घरी गेलात की "बघ रे याला काय झालंय" म्हणून आई-बाबांचा फोन तुमच्याच हातात येतो. तेव्हा हा धडा उपयोगी पडेल.

तेव्हा नेमके काय घडले होते?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत भारतातील ५जी सेवेचे उद्घाटन झाले. एअरटेलने सुरुवातीला जी आठ शहरे निवडली, त्यांत मुंबई आणि नागपूरबरोबर बेंगळुरूही होते. जिओची सेवा बेंगळुरूत १० नोव्हेंबरला सुरू झाली. टॉवर उभे होते, ५जीची चिप असलेले फोनही लोकांच्या खिशात होते. तरी अनेक फोनांवर ४जीच दिसत राहिले.

आयफोन १२ हा फोन २०२० पासून इतर देशांत ५जीवर चालत होता. भारतात मात्र त्याची ती सोय बंद होती, कारण इथल्या नेटवर्कसाठी ती सॉफ्टवेअरमधून उघडलेली नव्हती. सॅमसंगच्या अनेक फोनांचेही तसेच होते. शेवटी केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी फोन बनवणाऱ्या आणि टेलिकॉम कंपन्यांना एकत्र बैठकीला बोलावले. सॅमसंगने नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा, तर ऍपलने डिसेंबरचा वायदा केला. ऍपलचे आयओएस १६.२ हे अपडेट १३ डिसेंबर २०२२ रोजी आले आणि मग भारतातल्या आयफोनवर ५जी सर्वांसाठी खुले झाले.

एवढा वेळ का लागावा? एक कारण असे की, दोन्ही टेलिकॉम कंपन्यांची ५जीची रचना वेगळी होती. एअरटेलने ४जीच्या पायावरच ५जी चढवले. त्याला नॉन-स्टँडअलोन म्हणतात. जिओने ५जीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. तिला स्टँडअलोन म्हणतात. एकच फोन दोन्हींवर चालायला हवा. कॉल तुटता कामा नये, बॅटरी भराभर उतरता कामा नये, ५जीवरून ४जीवर जाताना इंटरनेट अडकता कामा नये. हे सगळे प्रत्येक मॉडेलवर तपासावे लागते.

अपडेटचा प्रवास

सैन्यात रसद मुख्य डेपोतून थेट जवानाच्या ताटात येत नाही. मधे ठिकठिकाणी मोजणी आणि तपासणी होते. अँड्रॉइडच्या अपडेटचेही तसेच आहे.

१. गूगल नवी आवृत्ती तयार करून तिचा मूळ कोड कंपन्यांना देते.

२. क्वालकॉम, मीडियाटेक यांसारख्या चिप बनवणाऱ्या कंपन्या तो आपल्या चिपशी जुळवतात.

३. फोनची कंपनी त्यावर आपला मुखवटा आणि आपली ऍप्स चढवते. एकेका कंपनीची डझनावारी मॉडेल्स असतात आणि प्रत्येकाचा कॅमेरा, स्क्रीन, सेन्सर वेगळा. इथे बराच वेळ जातो. महागड्या मॉडेलचा नंबर सहसा आधी लागतो, स्वस्त मॉडेलचा नंतर.

४. नेटवर्कशी संबंधित बदल असेल तर टेलिकॉम कंपनीबरोबर चाचणी होते. अमेरिकेत बरेच फोन टेलिकॉम कंपन्याच विकतात, त्यामुळे तिथे या कंपन्यांची मंजुरी हा मोठा टप्पा असतो. भारतात आपण फोन बहुधा दुकानातून घेतो आणि सिम वेगळे घालतो. म्हणून एरवी हा टप्पा आपल्याला जाणवत नाही. ५जीच्या वेळी तो जाणवला.

५. तयार अपडेटही सर्वांना एकदम दिले जात नाही. आधी थोड्या फोनांवर पाठवतात. काही बिघाड दिसला तर तिथेच थांबवतात. म्हणून एकाच मॉडेलचे दोन फोन शेजारी असले तरी एकाला अपडेट आज येते, दुसऱ्याला आठवड्याने.

ऍपलमध्ये फोन आणि सॉफ्टवेअर एकाच घरचे असल्याने पहिले तीन टप्पे आपसांतच उरकतात. पण २०२२ मध्ये त्यांचे ग्राहकही चौथ्या टप्प्यापाशी थांबलेच.

उशीर कमी करण्याचे प्रयत्न

हा प्रश्न जुना आहे आणि त्यावर एक मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने अँड्रॉइड वन ही योजना भारतातून सुरू केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांचे स्वस्त फोन आणि त्यांना गूगलकडून वेळेवर अपडेट, अशी ती कल्पना होती. पुढे २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर प्रोजेक्ट ट्रेबल आले. त्यात चिपशी बोलणारा भाग आणि वरचा अँड्रॉइड वेगळे केले गेले, म्हणजे वरचा भाग बदलताना खालचे सगळे पुन्हा बांधावे लागू नये. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून काही भाग थेट प्ले स्टोअरच्या मार्गाने बदलता येऊ लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले.

नवी आवृत्ती वेगळी, सुरक्षा पॅच वेगळा

नवी आवृत्ती म्हणजे नवे रूप आणि नव्या सोयी. ती दोन महिने उशिरा आली तरी कोणाचे फार बिघडत नाही. सुरक्षा पॅच म्हणजे कुंपणाला पडलेले भोक बुजवणे. तिथे उशीर महाग पडतो.

२०१५ च्या जुलैत स्टेजफ्राइट नावाचा दोष उघड झाला. नुसत्या एका मल्टिमीडिया मेसेजने अँड्रॉइड फोनमध्ये शिरता येईल, असा तो दोष होता. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा पॅच काढायला सुरुवात केली. भोक बुजवल्याची बातमी जाहीर होते, तेव्हा भोक कुठे होते हे चोरालाही कळते, हे ध्यानात ठेवा.

संगणकांच्या जगातले एक उदाहरण पाहा. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषावर १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली. त्याच दोषातून शिरणारा वॉनाक्राय हा हल्ला १२ मे रोजी झाला. मधे ५९ दिवस होते. दुरुस्ती उपलब्ध असूनही ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना त्या वेळी रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या.

शेवटचा टप्पा आपला

काकांच्या फोनवर नोव्हेंबरच्या अखेरीस अपडेट आले. मला कळले ते डिसेंबरमध्ये, त्यांनी पुन्हा फोन दाखवला तेव्हा. अपडेट येऊन नऊ दिवस झाले होते आणि काका रोज 'नंतर' हे बटण दाबत होते. "रात्री करू म्हणतो आणि राहून जातं," ते ओशाळून म्हणाले. कंपनीने लावलेल्या प्रत्येक दिवसाची तक्रार त्यांच्याजवळ होती. आपल्या नऊ दिवसांचा हिशेब नव्हता. मी हसलो नाही, कारण माझ्याही फोनवर एक सूचना पडून होती. दोघांनी त्याच संध्याकाळी फोन चार्जिंगला लावून अपडेट केले.

वाट पाहण्याचे दोन भाग असतात. पहिला भाग दुसऱ्यांच्या हातात असतो. तिथे चिडून, लिंका दाबून किंवा अनोळखी माणसाला ओटीपी सांगून काही लवकर होत नाही. उलट, उतावळ्या माणसालाच ठग हेरतो. खरे अपडेट फोनच्या सेटिंग्जमध्येच येते. ते मेसेजमधल्या लिंकने येत नाही आणि त्यासाठी ओटीपी लागत नाही. दुसरा भाग आपल्या हातात असतो, आणि तिथे चालढकल करू नये. पहाऱ्यावरच्या जवानाला नवा सांकेतिक शब्द मिळाला की तो त्याच क्षणापासून लागू होतो. "उद्यापासून बघू" असे तो म्हणत नाही.

सुट्टीतले काम

१. घरातल्या प्रत्येक फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा. अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा पॅचची तारीख वहीत लिहा. आजी-आजोबांचा फोन विसरू नका.

२. अपडेट थांबलेले असेल तर आधी फोटो आणि नंबर यांचा बॅकअप घ्या, बॅटरी पुरेशी चार्ज करा, वाय-फाय जोडा आणि मोठ्यांना विचारून ते बसवा.

३. पॅचची तारीख वर्षापेक्षा जुनी असेल आणि नवे अपडेट येत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार शक्यतो नकोत, हे आई-बाबांना समजावून सांगा.

४. घरात नवा फोन घ्यायचा असेल, तर अपडेट किती वर्षे मिळणार ते आधी पाहा. ही वर्षे बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही. दोन वर्षे जुने मॉडेल स्वस्त मिळते, पण त्यातली दोन वर्षे आधीच संपलेली असतात.

५. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सरकारी मदत क्रमांकावर आणि बँकेला लगेच कळवा. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

सुट्टीनंतर वह्या घेऊन या. कोणाच्या घरात सर्वांत जुना पॅच सापडला आणि तुम्ही त्याचे काय केलेत, ते वर्गात ऐकू.