सिरॅक्यूजचे नाणे आणि भोकाचा पैसा

सिसिली बेटावरील सिरॅक्यूज हे प्राचीन ग्रीकांचे भरभराटलेले बंदर. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात तेथील राजा दुसरा हिएरो याने कांस्याची नाणी पाडली. एका बाजूस समुद्रदेव पोसायडन, दुसऱ्या बाजूस त्याचा त्रिशूळ. याच राजाच्या मुकुटातील भेसळ आर्किमिडीजने ओळखली, अशी आख्यायिका आहे. अशी नाणी जमविणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात : नाणे कोणत्या धातूचे, आणि ते टिकवायचे कसे?

पहिल्याचे उत्तर आर्किमिडीजच्या तत्त्वात आहे. वालावलसारख्या गावातील जुन्या घरी फडताळात भोकाचा पैसा मिळण्याचा संभव असतो. १९४३ ते १९४७ या काळातील हा पैसाही कांस्याचाच; वजन सुमारे २ ग्रॅम. असे दहा पैसे बारीक दोऱ्यात सैलसर ओवा. शाळेतील तराजूवर त्यांचे वजन आधी हवेत, मग पाण्यात पूर्ण बुडवून करा. समजा, हवेत २०.० ग्रॅम व पाण्यात १७.७ ग्रॅम भरले. घट २.३ ग्रॅम, म्हणून आकारमान २.३ घन सेंटिमीटर आणि घनता २०.० ÷ २.३ = सुमारे ८.७. चांदीची घनता १०.५, शिशाची ११.३, म्हणजे हे दोन्ही धातू नव्हेत. मात्र तांब्याची घनता सुमारे ८.९ असल्याने तांबे की कांसे, हे एवढ्यावरून ठरत नाही. नाण्यांमध्ये हवेचे बुडबुडे अडकले, तर घनता कमी येईल. का, ते तुम्हीच सांगा!

पुरातन नाणे मात्र पाण्यात बुडवू नका. किनाऱ्याच्या मातीतील मिठामुळे नाण्यात तांब्याचे क्लोराइड तयार झालेले असते. दमट हवा लागताच त्यापासून फिकट हिरवी भुकटी व हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. ते आम्ल उरलेल्या तांब्यावर क्रिया करून पुन्हा क्लोराइड बनविते. हे चक्र म्हणजे ‘कांस्यरोग’. कर्ली नदीकाठच्या पावसाळी हवेत त्याला आयतेच रान मिळते. म्हणून नाणे सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे.

याउलट, गडद हिरवा घट्ट थर नाण्याचे रक्षणच करतो. चिंचेने घासल्यास तो जातो आणि त्याबरोबर अक्षरेही. मग ते नाणे कोणाचे, हे सांगणार कोण?

जमिनीत जुनी नाणी सापडली, तर ती न घासता शिक्षकांना दाखवा. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे.