स्थूलता, औषधे आणि लोकमत



मधल्या सुटीत एका मुलाने मला विचारले, "सर, वजन कमी करण्याची सुई निघाली आहे म्हणे. ती टोचून घेणे म्हणजे लबाडीच नव्हे का?" शेजारी उभा असलेला दुसरा लगेच म्हणाला, "मग मला ती आधी हवी!" पहिल्याच्या बोलण्यात तिरस्कार होता, दुसऱ्याच्या बोलण्यात मोह. ह्या औषधांविषयीचे आपले लोकमत ह्याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात आहे. मी भाषेचा शिक्षक, वैद्य नव्हे. परंतु मत बनविण्यापूर्वी वस्तुस्थिती समजून घ्यावी, हा नियम कोणत्याही विषयाला लागू आहे.

स्थूलतेविषयी आपण पूर्वीपासूनच दुटप्पी आहोत. आमच्या कोंकणी घरांत काय किंवा तुमच्या मराठी घरांत काय, बाळसेदार मूल सर्वांना आवडते. अंगाने भरलेल्या गृहस्थाला आपण कौतुकाने 'खात्यापित्या घरचा' म्हणतो. तेच मूल शाळेत आले की त्याला टोपणनाव चिकटते. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी सांगितलेली आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसार केलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धती पुष्कळांनी आपखुशीने स्वीकारली. तिने वजन उतरविणाऱ्याचे आपण कौतुक करतो. औषधाने उतरविणारा मात्र ते लपवून ठेवतो. असे का व्हावे?

ह्याचे कारण असे की, स्थूल मनुष्य म्हणजे खादाड आणि आळशी, ही समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे. शास्त्र मात्र निराळे सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा जन्मतः वजनाने बरीच कमी होती. परंतु त्यांच्या देहातील मेद त्या मानाने घटलेला नव्हता. २००४ साली याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, पण युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के! म्हणजे केवळ डोळ्यांनी पाहून कोणाच्या देहाचा, आणि त्यावरून त्याच्या स्वभावाचा, निवाडा करता येत नाही.

आता औषधाकडे वळू. आपण जेवलो की आतड्यांतून 'जीएलपी-१' नावाचा एक स्राव रक्तात मिसळतो. तो इन्सुलिनला चालना देतो, जठर सावकाश रिते होऊ देतो आणि 'पोट भरले' असा निरोप मेंदूला पोहोचवितो. मात्र तो काही मिनिटांतच नष्ट होतो. १९९२ साली अमेरिकेतील डॉ. जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर ह्या सरड्याच्या विषात तशाच गुणाचे, पण अधिक काळ टिकणारे द्रव्य सापडले. त्यावरून तयार झालेले मधुमेहावरील औषध २००५ साली अमेरिकेत मान्य झाले. सेमाग्लुटाइड हे त्याच वर्गातील पुढचे औषध; त्याची सुई आठवड्यातून एकदा टोचून घ्यावी लागते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १,९६१ लोकांच्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरले. औषधाविना केवळ आहार-व्यायामाचा सल्ला पाळणाऱ्यांचे २.४ टक्के. परंतु औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला. मळमळ, वांती, बद्धकोष्ठ हे त्रास पुष्कळांना होतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. आणि मेदाबरोबर स्नायूही झिजतात.

तेव्हा सावध राहणारे लोक अगदीच चुकीचे नाहीत. पूर्वीचा अनुभव कटू आहे. हृदयाच्या झडपांना इजा होते असे आढळल्यामुळे फेनफ्ल्युरामिन १९९७ साली अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावे लागले. हृदयविकाराच्या धोक्यामुळे सिब्युट्रामिन २०१० साली युरोप-अमेरिकेत आणि त्यापाठोपाठ भारतातही बंद झाले.

आपल्या देशात २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही औषधे विक्रीस आली. सेमाग्लुटाइडच्या एकस्वाची मुदत भारतात मार्च २०२६ पर्यंतचीच होती. ती सरली की देशी कारखान्यांनाही ते बनविण्याची वाट मोकळी होते. किंमत उतरते तसा मोहही वाढतो. म्हणून औषधाच्या वेष्टनावरील तांबडी उभी रेघ ओळखायला शिका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये, असे ती रेघ सांगते. लग्नसमारंभात बारीक दिसावे म्हणून, किंवा कोणी चिडवितो म्हणून घ्यावयाची ही वस्तू नव्हे. आणि वाढत्या वयातील मुलांनी तर तिचा परस्पर विचारही करू नये.

तर मग पहिल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर काय? आपले आजोबा रक्तदाबाची गोळी रोज घेतात. गोळी थांबविली तर रक्तदाब पुन्हा वाढतो. त्यांना आपण लबाड म्हणतो काय? मीठ कमी करा, फिरायला जा, असे सांगतो आणि गोळीची आठवणही करून देतो. मधुमेहाने, गुडघेदुखीने वा हृदयविकाराने गांजलेल्या स्थूल मनुष्याला डॉक्टरांनी औषध दिले, तर त्याच्याशीही आपण असेच वागले पाहिजे. कंग्राळीहून बेळगावच्या बाजारापर्यंत पायी जाणारी पिढी आता मोटारसायकलीवर बसली आहे. चालणे आपण सर्वांनीच सोडले. मग त्याचा दोष मोजक्या लोकांच्याच माथी का मारावा?

आणि दुसऱ्या मुलाला मी एवढेच सांगेन: बाळ, औषध रोगासाठी असते, आरशासाठी नव्हे. उद्यापासून वर्गात ते टोपणनाव कोणी उच्चारले नाही, तर आरशाचे भय पुष्कळ मुलांच्या मनातून आपोआप जाईल. त्या औषधाला चिठ्ठी लागत नाही, पैसेही पडत नाहीत. आणि ते देणे सर्वस्वी तुमच्याच हाती आहे.