कोळंबीच्या डोक्यातील सूक्ष्म रचना

कोळंबी सोलताना डोके प्रथम तुटते व टाकून दिले जाते. वास्तविक या प्राण्याची बहुतेक ज्ञानेंद्रिये तेथेच एकवटलेली असतात.

देठावर बसविलेले काळे डोळे चटकन नजरेत भरतात. मधमाशीच्या संयुक्त नेत्रातील नेत्रिका षट्कोनी असतात. कोळंबीच्या मात्र आलेखाच्या कागदावरील घरांसारख्या चौकोनी. या चौकोनांचे मर्म क्लाउस फोग्ट यांनी १९७५ मध्ये क्रेफिशमध्ये व मायकेल लँड यांनी १९७६ मध्ये कोळंबीत उलगडून दाखविले. नेत्रिकेच्या आतील भिंती आरशाचे काम करतात आणि अनेक नेत्रिकांतून आलेला प्रकाश एकाच ठिकाणी एकवटतो. त्यामुळे अंधुक उजेडातही तिला दिसते.

तरीही गढूळ पाण्यात भिस्त असते ती वासावर. आखूड शृंगिकांच्या एका शाखेवर पातळ आवरणाच्या केसांच्या रांगा असतात. पाण्यात विरघळलेली ॲमिनो आम्ले हे केस टिपतात. तळ्यात टाकलेले खाद्य कोळंबीला सापडते ते मुख्यतः यांच्याच बळावर. लांब शृंगिका स्पर्शाचे काम करतात.

आखूड शृंगिकेच्या बुडाशी एक इवलीशी पिशवी असते. तिच्यात वाळूचे कण असून ते ज्या बाजूच्या केसांवर टेकतात, ती बाजू ‘खाली’ असे प्राण्यास कळते. कात टाकताना पिशवीचे अस्तर व कण दोन्ही जातात. मग नवे कण भरून घ्यावे लागतात. याचाच फायदा घेऊन व्हिएन्नाचे आलोइस क्राइडल यांनी १८९३ मध्ये वाळूऐवजी लोखंडाचा कीस ठेवला. कोळंबीने तोच पिशवीत भरला. वर लोहचुंबक धरताच ती चक्क उताणी होऊ लागली!

डोळ्याच्या देठाचे महत्त्व मात्र दृष्टीपुरते नाही. कात टाकणे व अंडाशयाची वाढ यांना आवर घालणारी संप्रेरके देठातील चेतापेशींत तयार होतात व तेथेच एका ग्रंथीत साठतात. देठ काढल्यास अंडाशय वाढते, हे पानूझ यांनी १९४३ मध्ये दाखविले. पुढे बीजनिर्मिती केंद्रांत प्रजनक मादीचा एक देठ चिमटून वा कापून काढण्याची पद्धत रूढ झाली. दोन्ही काढल्यास मरतूक फार वाढते, म्हणून एकच. अंडी लवकर मिळतात, हे खरे. पण लागोपाठ अंडी घालून मादी खंगते आणि बिजाची प्रतही घसरू शकते. शिवाय ही इजा त्या जिवाला क्लेशदायक आहे. उत्तम आहार, शांत व मंद प्रकाशाच्या टाक्या आणि निवडक पैदाशीच्या माद्या यांच्या साहाय्याने देठ न काढता बीज घेण्याचा मार्ग आता काही केंद्रांनी धरला आहे. त्यात माद्या अधिक ठेवाव्या लागतात. खर्चाचा खरा प्रश्न तेथे आहे.