आधी बँकेची वही मांड

अगं, फ्रेंच तुझं पक्कं आहे, इंग्रजीही सफाईदार आहे. तरी पैशाच्या निर्मितीवरचं हे फ्रेंच प्रकरण इंग्रजीत भाषांतराला घेताना शब्दकोश जरा बाजूला ठेव. कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मार. डावीकडे बँकेची येणी, उजवीकडे देणी.

समज, बँकेने कुणाला १०,००० युरो कर्ज दिलं. डावीकडे लिही 'क्रेआंस', म्हणजे कर्जदाराकडून यायची रक्कम. उजवीकडे 'देपो', कारण ती रक्कम त्याच्याच खात्यात जमा झाली. तिजोरीतली एक नोट हलली नाही, दुसऱ्या कुणाची ठेव घटली नाही, आणि तरी १०,००० युरो नव्याने जन्मले. कर्ज फिटलं की ते दोन्हीकडून पुसले जातात. फ्रेंच पुस्तकांत हेच 'ले क्रेदी फों ले देपो' म्हणून येतं. तिथे 'क्रेडिट्स' लिहू नकोस. इंग्रजीत ते 'लोन्स क्रिएट डिपॉझिट्स'. आधी ठेवी गोळा होतात आणि मग त्यातून कर्ज वाटतात, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. ते काढून टाकलं नाहीस, तर पुढची सगळी वाक्यं उलटी होतील. बँक ऑफ इंग्लंडच्या त्रैमासिकात २०१४ साली याच विषयावर लेख आला होता. तो शांतपणे वाच. इंग्रजीत या विषयावर कसं बोलतात ते कानात बसेल.

हा खात्यातला पैसा म्हणजे 'मोने स्क्रिप्त्यूराल'. 'स्क्रिप्चरल मनी' असंही छापलेलं सापडेल, पण साध्या वाचकाला त्यात धर्मग्रंथच दिसणार. 'बँक मनी' किंवा 'बँक डिपॉझिट्स' लिही. 'मोने फिद्युसिएर' म्हणजे नोटा आणि नाणी. त्याचं 'फियाट मनी' करू नकोस, ती संकल्पना निराळी आहे.

'मोने प्लेन' दिसलं तर स्वित्झर्लंड आठव. पैसा फक्त मध्यवर्ती बँकेनेच निर्माण करावा, या मागणीवर तिथे १० जून २०१८ला सार्वमत झालं आणि सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी ती फेटाळली. इंग्रजीत त्या मोहिमेचं नाव 'सॉव्हरिन मनी'. 'फुल मनी' कुणाला कळणार?

आकड्यांना मात्र फार जप. फ्रेंच 'मिलिआर' म्हणजे आपले शंभर कोटी, इंग्रजीतला बिलियन. फ्रेंच 'बिलियों' म्हणजे लाख कोटी, इंग्रजीतला ट्रिलियन. प्रत्येक आकडा आधी कोटीत मोजून घे, मग लिही. दशांशाचा स्वल्पविरामही बदलायचा असतो.

आणि काम देणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचार, वाचक कुठला? 'देपो आ व्यू', म्हणजे मागताक्षणी काढता येणाऱ्या ठेवी, लंडनला 'साइट डिपॉझिट्स', अमेरिकेत 'डिमांड डिपॉझिट्स'. विचारायला भीड नको. खर्डा झाला की आकड्यांची पानं आधी मला पाठव, मी मूळ समोर ठेवून ताडून देते.